वळीव, गारा आणि गाडीच्या बाजूच्या काचा

एप्रिल-मे महिन्यातली नाशिकची दुपार डोळ्यांसमोर आणा. सकाळपासून उकाडा, झाडाचं पान हलत नाही. चारच्या सुमारास आभाळ एकदम काळवंडतं, धुळीचा लोट उठतो, खिडक्यांची तावदानं आपटायला लागतात आणि पाच मिनिटांत टपटप गारा सुरू. आपण धावत जाऊन वाळत घातलेले कपडे आणि कुरडया-पापड उचलतो. रस्त्यावर उभ्या केलेल्या गाडीची आठवण मात्र वादळ ओसरल्यावर येते.

अशाच एका दुपारी आमच्या एका सहकारी बाईंच्या गाडीची बाजूची काच फुटली. गाडी झाडाखाली नव्हती, अगदी मोकळ्या जागेत होती. शेजारच्या शेडचे पत्रे उडू नयेत म्हणून त्यांच्यावर विटा ठेवल्या होत्या. वाऱ्याने पत्रा उचलला आणि वीट घरंगळत खाली आली. मागच्या सीटवर तपासायला नेलेले पेपर होते, ते भिजले. दुसऱ्या दिवशी वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "सर, पुढच्या काचेवर दगड लागला तर नुसती चीर जाते. मग बाजूच्या काचेचा एकदम चुरा कसा होतो?" प्रश्न फार चांगला होता, म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करू.

दोन काचा, दोन स्वभाव

गाडीची पुढची काच म्हणजे खरं तर दोन काचा असतात आणि मधे पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ थर. याला लॅमिनेटेड काच म्हणतात. दगड लागला तर काच तडकते, पण तुकडे त्या प्लॅस्टिकला चिकटून जागच्या जागी राहतात.

बाजूची काच बहुतेक गाड्यांमध्ये एकेरी असते आणि ती टेम्पर्ड असते. काच सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि लगेच हवेच्या झोतांनी थंड करतात. बाहेरचा पृष्ठभाग आधी घट्ट होतो, आतला भाग नंतर. आतला भाग आकसताना बाहेरच्या थराला ओढतो. त्यामुळे बाहेरचा थर कायम दाबलेला आणि आतला भाग कायम ताणलेला राहतो. म्हणून ही काच साध्या काचेपेक्षा कितीतरी मजबूत असते. पण एखाद्या टोकदार वस्तूने तो बाहेरचा थर भेदला, की आत साठलेला ताण एका क्षणात मोकळा होतो आणि अख्खी काच साखरेच्या खड्यांसारखी कोसळते. सतराव्या शतकात युरोपात 'प्रिन्स रुपर्टचे थेंब' नावाची काचेची खेळणी प्रसिद्ध होती. वितळलेल्या काचेचा थेंब पाण्यात टाकून ती बनवत. थेंबाच्या डोक्यावर हातोडी मारली तरी फुटत नसे, पण शेपटीचं टोक मोडलं की सगळ्याचा भुगा! तत्त्व तेच.

आता यातली महत्त्वाची गोष्ट बघा. टेम्पर्ड काच मधोमध बळकट असते आणि कडेला नाजूक. हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

वारा काच फोडतो का?

समुद्रावरून आलेलं चक्रीवादळ नाशिकला त्याच्या पूर्ण जोरात गाठत नाही. मधे सह्याद्री आहे, अंतर आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा तिथे ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचे वारे होते. श्रीवर्धन, दिवेआगर भागातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. नंतर ते जमिनीवरून उत्तर महाराष्ट्राकडे सरकताना कमजोर होत गेलं. (अमेरिकेत ज्याला हरिकेन म्हणतात आणि जपानकडे टायफून, तेच आपलं चक्रीवादळ. नावं समुद्राप्रमाणे बदलतात. अरबी समुद्रात ती मुख्यतः पावसाळ्याच्या आधी मे-जूनमध्ये आणि नंतर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये होतात.) आपल्या नाशिकच्या गाड्यांना खरी भीती आहे ती वळवाच्या वादळाची आणि अवकाळी गारपिटीची. २६ नोव्हेंबर २०२३ ची संध्याकाळ निफाड भागातले द्राक्षबागायतदार विसरणार नाहीत. गारांनी तयार होत आलेल्या बागा झोडपून काढल्या होत्या.

आता थोडं गणित. ताशी १०० किलोमीटर वेगाचा वारा एक चौरस मीटर भागावर साधारण ४८ किलो वजनाइतका दाब देतो. गाडीच्या दाराची काच एक तृतीयांश चौरस मीटर धरली, तर दाब सोळा किलोच्या आसपास, आणि तोही सगळ्या काचेवर पसरलेला. टेम्पर्ड काचेला हे सहज पेलतं. महामार्गावर ताशी शंभरने जाताना गाडीभोवती इतकाच वारा असतो की! म्हणजे नुसता वारा काच फोडत नाही. वारा जे उचलून आणतो ते फोडतं: पत्रा, वीट, कुंडी, कौल, गच्चीवरचं टाकीचं झाकण, वाळकी फांदी.

म्हणून काचेचं रक्षण गाडीपासून नाही, तिच्या वरून आणि आजूबाजूने सुरू होतं. मार्चच्या शेवटी एकदा गाडीजवळ उभे राहा आणि मान वर करून बघा. कठड्यावर कुंड्या आहेत का? पत्र्यावर विटा ठेवल्यात का? (पत्र्याला हुकाचे बोल्ट लावा, विटा नकोत. वीट म्हणजे वादळाच्या हातात दिलेला दगड.) जवळ मोठा होर्डिंगचा फलक आहे का? १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरला धुळीच्या वादळात महाकाय होर्डिंग पेट्रोलपंपावर कोसळलं आणि त्यात माणसं गेली, गाड्या तर चिरडल्याच. गुलमोहर दिसायला सुंदर, पण त्याचं लाकूड ठिसूळ असतं आणि नेमका मे महिन्यात तो फुलांनी जड झालेला असतो. उन्हाळ्यात सावली हवी म्हणून आपण त्याच्याखालीच गाडी लावतो. दुपारी तीनपर्यंत लावा हवी तर, पण ढग भरून आले की काढा.

गारांचा हिशेब

गार बोराएवढी असो की लिंबाएवढी, आपण म्हणतो 'गारा पडल्या'. काचेच्या दृष्टीने मात्र फार फरक आहे. गारेचा व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होतं. १ सेंटिमीटरची गार अर्धा ग्रॅम, २ सेंटिमीटरची सुमारे ४ ग्रॅम, ४ सेंटिमीटरची सुमारे ३० ग्रॅम. शिवाय मोठी गार जास्त वेगाने खाली येते, कारण हवेचा अडथळा तिला तितकासा आवरू शकत नाही. व्यास दुप्पट झाला तर वेग साधारण १.४ पट होतो. गतिज ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो, म्हणून ऊर्जा थेट सोळापट! दहावीच्या मुलांनी हे सूत्र मांडून पाहावं.

वारा नसेल तर गारा सरळ खाली येतात आणि टप, बॉनेट, पुढची-मागची काच यांच्यावर पडतात. बाजूची काच जवळपास उभी असते, त्यामुळे ती सुटते. पण वळवात वारा असतोच. गार जितक्या वेगाने खाली येते तितकाच आडवा वारा असेल तर ती ४५ अंशांत तिरकी मारते, आणि मग वाऱ्याकडची बाजू सापडते. म्हणून अडकलाच, तर गाडीचं तोंड वाऱ्याकडे करा. पुढची काच दुहेरी आहे आणि उतरती आहे, तिला मार झेलू द्या.

पांघरूण घालायचं, पण कसं?

साधं कार कव्हर धूळ आणि ऊन अडवतं, गारा नाही. उलट वाऱ्यात ते फुग्यासारखं फुगतं आणि आतली धूळ रंगावर घासत राहते. काचेला हवी जाडी. क्रिकेटमध्ये झेल घेताना आपण हात मागे नेतो, तेव्हा चेंडू थांबायला जास्त वेळ मिळतो आणि हाताला कमी लागतं. गादी, फोम हेच करतात.

घरातली जुनी गोधडी सगळ्यांना आठवते. चालेल, पण भिजली की ती जड होऊन घसरते. तिची टोकं दारात अडकवून दार लावाल तर केशाकर्षणाने पाणी थेट सीटवर येईल. दिव्याची वात तेल ओढते ना, तसं. त्यापेक्षा व्यायामाची फोमची चटई किंवा पॅकिंगचा जाड फोम बरा. काचेच्या आकाराला कापा, बाहेरून लावा, वर जुनं प्लॅस्टिक टाका आणि दोरी टपावरून व गाडीच्या खालून घेऊन आवळा. गाडी हलवण्याआधी दोरी सोडायला विसरू नका! पुठ्ठा मात्र नको, दहा मिनिटांत त्याचा लगदा होतो. आपल्या भागातले काही बागायतदार द्राक्षांवर गारारोधक जाळी ताणतात. घराजवळ गाडीची जागा ठरलेली असेल तर तशी जाळी चार पाइपांवर ताणून बसवता येते. ती नीट बांधलेली मात्र हवी, नाहीतर तीच उडून काचेवर यायची.

आता दोन समज. पहिला, 'काच थोडी खाली ठेवावी, म्हणजे आतला-बाहेरचा दाब सारखा राहतो.' अजिबात नको. गाडी काही हवाबंद डबा नाही. आणि मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट आठवा: काचेची कड नाजूक असते. काच पूर्ण वर असली की ती कड रबरात झाकलेली असते, खाली केली की उघडी पडते. दुसरा समज, काचेवर चिकटपट्टीची फुली मारली की काच वाचते. पट्टीने काचेची ताकद वाढत नाही. फक्त नंतर डिंक खरवडत बसावं लागतं.

फिल्म लावायची असेल तर नियम बघा. मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचेतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे.

बाजूच्या काचा कितीही वाचवायच्या असल्या तरी त्यांना बाहेरून कायमची जाळी किंवा पत्रा ठोकू नका. गाडी पाण्यात गेली, वायरिंग बंद पडलं, दार उघडेना, तर बाहेर पडायचा रस्ता तीच काच आहे. गोदावरीला पूर येतो तेव्हा दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं हे आपण बघायला जातो; घाटावर लावलेल्या गाड्या त्या पाण्यात सापडल्याचंही नाशिककरांनी पाहिलंय. काच फोडायची छोटी टोकदार हातोडी ड्रायव्हरच्या हाताशी ठेवा आणि घाव काचेच्या कोपऱ्यात घाला, मधोमध नाही. काही नव्या गाड्यांत बाजूची काचही लॅमिनेटेड असते, ती हातोडीने अशी कोसळत नाही. काचेच्या कोपऱ्यातला शिक्का आजच वाचून ठेवा.

वादळ सुरू झाल्यावर

घरात असाल तर गाडी हलवायला बाहेर पळू नका. हवामान खात्याचा पिवळा, नारिंगी, लाल इशारा आधी येतो आणि विजेसाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप आहे. जी धावपळ करायची ती तेव्हा. रस्त्यात असाल तर वेग कमी करून पक्क्या आडोशाला थांबा. मुंबई-आग्रा महामार्गाच्या उड्डाणपुलाखाली आडोसा मिळतो, पण चालत्या रांगेत गाडी उभी करून मागच्याला संकटात टाकू नका. मुलांना काचेकडे पाठ करून बसवा, डोळ्यांवर ओढणी किंवा दप्तर धरा. गाडीवर विजेची तार पडली तर आतच बसून मदत मागा.

काच फुटलीच, तर हाताने खडे वेचू नका. आधी फोटो काढा. त्या दाराचं काच खाली-वर करायचं बटण दाबू नका, कारण अर्धे तुकडे दाराच्या आत पडलेले असतात आणि यंत्र अडकतं. बाहेरून जाड प्लॅस्टिक लावा. दुरुस्तीच्या आधी विमा कंपनीला कळवा. फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर वादळाचं नुकसान मिळत नाही, स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारा विमा लागतो. त्यात एक बरी गोष्ट म्हणजे प्लॅस्टिक-रबराच्या भागांवर निम्मा घसारा कापतात, काचेवर कापत नाहीत. पण दावा केला की 'नो क्लेम बोनस' जाऊ शकतो. तो पहिल्या वर्षानंतर २० टक्के असतो आणि वाढत ५० टक्क्यांपर्यंत जातो. एकच काच असेल तर तिची किंमत आणि जाणारी सूट दोन्ही कागदावर मांडून बघा. आमच्या बाईंनी मांडून पाहिलं आणि काच स्वतःच्या खर्चाने बसवली. शेडवरच्या विटा दुसऱ्या दिवशी शिपाईदादांनी उतरवल्या, आता तिथे बोल्ट आहेत.