रुग्णालयानंतरचे उपचार : आयुष्मान कार्ड आणि फिजिओथेरपी

नवा रायपुरच्या परिसरातील राखी किंवा उपरवारासारख्या गावातील एखाद्या मजुराचे मांडीचे हाड मोडले, तर शस्त्रक्रियेचा खर्च आयुष्मान कार्डावर भागू शकतो. मात्र घरी परतल्यावर त्याला पुन्हा चालते करणारा, कार्ड स्वीकारणारा फिजिओथेरपिस्ट शोधू गेल्यास तो सहसा सापडत नाही. यात दोष शोधणाऱ्याचा नाही. योजनेची रचनाच तशी आहे.

23 सप्टेंबर 2018 रोजी सुरू झालेली प्रधानमंत्री जन आरोग्य योजना पात्र कुटुंबास दरवर्षी 5 लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देते. छत्तीसगडने 2020 पासून राज्याच्या योजनेद्वारे अन्य शिधापत्रिकाधारकांनाही 50 हजार रुपयांपर्यंतचे साहाय्य देऊ केले. परंतु हे संरक्षण रुग्णालयात दाखल होण्याशी बांधलेले आहे. बाह्यरुग्ण सेवा त्यात येत नाही. दाखल असतानाचे व्यायाम उपचारांच्या ठरावीक दरातच धरले जातात. घरी सोडल्यानंतरचा पाठपुरावा 15 दिवसांपुरता असतो. शिवाय संलग्नता रुग्णालयाला मिळते, व्यक्तीला नव्हे, आणि त्यासाठी सर्वसाधारणपणे किमान 10 खाटांची अट आहे. दोन टेबले आणि एक समांतर दांडी एवढ्यावर चालणारे फिजिओथेरपी केंद्र त्यात कसे बसणार?

जर्मनीत याउलट व्यवस्था आहे. तेथे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मान्यताप्राप्त फिजिओथेरपिस्टचे देयक थेट सार्वजनिक विमा निधीकडे जाते. प्रौढ रुग्ण खर्चाच्या 10 टक्के आणि प्रत्येक चिठ्ठीमागे 10 युरो भरतो.

आपल्याकडे हा भार कुटुंबावर पडतो. एका बैठकीचे शुल्क 300 रुपये आणि आठवड्यास तीन बैठका असे गृहीत धरले, तरी तेरा आठवड्यांत 11,700 रुपये होतात. रुग्णाची बुडालेली मजुरी, सोबत्याचा रोज आणि प्रवासभाडे त्याखेरीज. साहजिकच अनेक जण उपचार अर्ध्यावर सोडतात. सांधा आखडतो, आणि सार्वजनिक पैशातून झालेल्या शस्त्रक्रियेचे फळ हाती येत नाही. अर्थशास्त्राच्या दृष्टीने ही काटकसर महागच म्हणावी लागेल.

उपलब्ध मार्ग मुख्यतः सरकारी रुग्णालयांचे आहेत. रायपुरातील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था (एम्स) आणि ‘मेकाहारा’ या नावाने परिचित असलेले डॉ. आंबेडकर स्मृती रुग्णालय येथे बाह्यरुग्ण सेवा अल्प खर्चात मिळते. एम्स टाटीबंधला असल्याने नवा रायपुरहून संपूर्ण शहर ओलांडावे लागते. कुबड्यांवरील माणसाला आठवड्यातून तीनदा हे जमणे अवघडच. वृद्धांसाठी 2010-11 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयांतील फिजिओथेरपीचा समावेश आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेत बाह्यरुग्ण उपचारही येतात. त्यामुळे 2017 मध्ये 21,000 रुपये करण्यात आलेल्या वेतनमर्यादेत बसणाऱ्या विमाधारक कामगाराने आयुष्मान कार्डापूर्वी त्या योजनेचा विचार करणे हिताचे ठरते. निमसरकारी वा कंत्राटी कामावरील अनेकांना आपण तिचे सभासद आहोत, याचीच कल्पना नसते.

कार्डावर दाखल झालेल्या रुग्णाच्या नातेवाइकांनी घरी जाण्याआधीच वॉर्डातील फिजिओथेरपिस्टकडून व्यायामाचा लेखी क्रम मागून घ्यावा, ते व्यायाम स्वतः करून पाहावेत आणि 15 दिवसांतील फेरतपासणीची तारीख कागदावर नोंदवून घ्यावी. पाठपुराव्याच्या या काळात रुग्णालयाने त्यासाठी पैसे मागितल्यास 14555 या क्रमांकावर तक्रार करता येते.