ताट तेच, मांडणी नवी

मधुमेहाचे निदान झाले, की अनेक घरांत दोन स्वयंपाक सुरू होतात : एक कुटुंबासाठी आणि दुसरा 'पेशंट'साठी. पहिले काही दिवस उत्साहात जातात. पुढे त्या बेचव जेवणाचा कंटाळा येतो आणि पथ्य सुटते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असून सुमारे १३ कोटी ६० लाख व्यक्ती या विकाराच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्या घरांत वेगळी चूल मांडणे शक्य नाही आणि त्याची आवश्यकताही नाही. बदलायचे आहे ते प्रमाण, क्रम आणि वेळ.

प्रमाण : ताटाचा निम्मा भाग भाज्या व कोशिंबिरीचा असावा. पाव भाग घट्ट वरण, उसळ, अंडे किंवा मासे यांचा आणि उरलेला पाव भाग भाकरी, पोळी अथवा भात यांचा असावा. बटाटा व साबुदाणा यांची गणना धान्याच्या पाव भागातच करावी. एकादशीची साबुदाण्याची खिचडी म्हणूनच 'हलका फराळ' ठरत नाही. मूत्रपिंडाचा विकार असल्यास डाळींचे प्रमाण मात्र डॉक्टरांनीच ठरवावे.

क्रम : आपल्याकडे जेवणाचा प्रारंभ वरणभाताने होतो. त्याऐवजी कोशिंबीर, भाजी व उसळ आधी आणि भात शेवटी घेतल्यास तंतू व प्रथिनांमुळे पचन संथ होते आणि साखर एकदम उसळत नाही. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांची शतपावलीही उपयुक्त ठरते.

चहाचा हिशेबही मांडून पाहावा. दिवसाला पाच कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, चमचा चार ग्रॅमचा. म्हणजे ४० ग्रॅम साखर. दिवसभरात वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत असणे अधिक हितावह, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. साखरेऐवजी गूळ घातल्याने हा हिशेब बदलत नाही.

वेळ : महिनाअखेरीस काउंटरवरील रांग संपेपर्यंत डबा उघडायचा नाही, ही कर्तव्यनिष्ठा इन्शुलिन वा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांच्या जिवावर बेतू शकते. घाम, थरथर, गोंधळलेपणा जाणवल्यास साखर ७० मिलिग्रॅमखाली गेल्याची शक्यता असते. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यातून त्वरित घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी करावी. शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्यालाही ही लक्षणे ठाऊक असावीत. मात्र शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालय गाठावे.

बोटाच्या थेंबावरील तपासणी त्या क्षणाची शिल्लक सांगते. 'एचबीए१सी' हा मागील सुमारे तीन महिन्यांचा खातेउतारा होय. तो सुधारतो रोजच्या लहान-लहान बचतीने. सारे घर एकाच ताटाची ही नवी मांडणी स्वीकारते, तेव्हा मधुमेही पंक्तीत एकटा पडत नाही आणि उंबरठ्यावरचे आप्तही सावरतात.