मागावरचे सॉफ्टवेअर

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी बसविला. साध्या मागावर साधेच कापड निघते. वेलबुट्टीसाठी वर जेकार्ड लागते. फ्रान्सच्या जोसेफ-मारी जाकारने १८०४ मध्ये ते सिद्ध केले. पुठ्ठ्याच्या कार्डात जेथे भोक असेल, तेथे उभा धागा उचलला जातो. नसेल तेथे तो खालीच राहतो. मधून धोटा धावतो. लगेच पुढचे कार्ड येते.

आता गंमत पाहा. नक्षी बदलायची तर माग तोच राहतो, फक्त कार्डांची माळ बदलायची. ही माळ म्हणजेच सॉफ्टवेअर! बॅबेजने आपल्या गणनयंत्रासाठी हीच युक्ती योजली. त्याच्याजवळ जाकारचे रेशमी विणलेले चित्र होते. त्याला सुमारे २४,००० कार्डे लागली होती.

संगणकाची ‘माळ’ पूर्वी यंत्राबरोबरच मिळे. १९६९ मध्ये आयबीएमने बऱ्याच प्रोग्रॅमांची वेगळी किंमत लावण्याचे जाहीर केले. किंमत घेण्याला माझी हरकत नाही. पण लिनक्ससारखे अपवाद सोडले, तर पुष्कळ कंपन्या आतला मजकूर दाखवीत नाहीत, हे मला खटकते. कापडात चूक दिसली, की विणकर माळ उलगडतो, चुकीचे कार्ड शोधतो आणि नवे पाडून बसवितो. बंद प्रोग्रॅममधली चूक तुम्ही कशी शोधणार?