विद्यार्थी रोबोट संघांसाठी सुट्या भागांचा पुरवठा : एका लघुउद्योगाचे स्वरूप

अमेरिकेत ‘फर्स्ट’ या संस्थेची शालेय रोबोट स्पर्धा १९९२ पासून भरते. दरवर्षी जानेवारीत नवा खेळ जाहीर होतो. २०१९ पर्यंत रोबोट उभा करण्यास संघांना जेमतेम सहा आठवडे मिळत. ज्या शाळांकडे लेथ वा मिलिंग यंत्र नव्हते, त्यांना या अवधीत गिअरबॉक्स घडविणे अशक्यप्राय होते. ही उणीव हेरून अँडी बेकर व मार्क कूर्स यांनी २००४ साली इंडियाना राज्यातील कोकोमो येथे ‘अँडीमार्क’ हा व्यवसाय सुरू केला.

या व्यवसायातील खरी अडचण भांडवलाची आहे. मागणी वर्षातील काही आठवड्यांतच एकवटते आणि माल मात्र खेळ जाहीर होण्यापूर्वीच भरून ठेवावा लागतो. अंदाज चुकल्यास पैसा वर्षभर अडकतो. म्हणून खेळ कोणताही असो, लागणारच अशा गिअरबॉक्स, चाके, हब यांवर भर देणे श्रेयस्कर ठरते.

आपल्याकडे २००८ व २०१४ ची आंतरराष्ट्रीय ‘रोबोकॉन’ स्पर्धा पुण्यात झाली. इलेक्ट्रॉनिक भागांसाठी बुधवार पेठ किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहेच. यांत्रिक भाग मात्र बहुधा सुटे काम घेणाऱ्या वर्कशॉपमधून करवून घ्यावे लागतात. येथे उद्योगास वाव आहे. तथापि दरपत्रके, मंजुरी आणि लेखा विभाग ओलांडून बिलाची रक्कम स्पर्धा संपल्यावर मिळणार असेल, तर अल्प भांडवलाचा पुरवठादार दुसऱ्या वर्षी माल भरू शकत नाही.