राजीनामा देण्यापूर्वी

शासकीय सेवेतील डॉक्टरांना खाजगी रुग्णालयाचे बोलावणे आले की पगाराची, निवासस्थानाची, कामाच्या वेळांची चौकशी होते. निवृत्तिवेतनाची मात्र क्वचितच. माझ्या एका वर्गबंधूने केंद्रीय सेवेतील बावीस वर्षांनंतर ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे’ असे दोन ओळींचे पत्र लिहिले व ते मला दाखविले. मी ते वाचून परत दिले. नियम मलाही ठाऊक नव्हता. त्या अज्ञानाची अंशतः भरपाई म्हणून हा लेख.

केंद्र शासनाच्या १९७२ च्या निवृत्तिवेतन नियमांतील २६ व्या नियमानुसार राजीनाम्यामुळे पूर्वीची संपूर्ण सेवा बाद होते. २०२१ च्या नव्या नियमांतही हे तत्त्व कायम आहे. सेवाच शून्य झाली की निवृत्तिवेतन नाही आणि ग्रॅच्युइटीही नाही.

याला महत्त्वाचा अपवाद आहे. निवृत्तिवेतनास पात्र अशा दुसऱ्या शासकीय पदावर रुजू होण्यासाठी, योग्य मार्गाने अर्ज करून व परवानगी घेऊन दिलेला राजीनामा ‘तांत्रिक राजीनामा’ ठरतो. त्यात पूर्वीची सेवा जोडली जाते. म्हणून परवानगीचा आदेश व राजीनाम्याचे कारण, दोन्ही लेखी असावीत.

खाजगी क्षेत्रात जाणाऱ्यांचा मार्ग निराळा. अर्हताकारी सेवा वीस वर्षांची झाली असेल, तर तीन महिन्यांची लेखी सूचना देऊन स्वेच्छानिवृत्ती मागता येते आणि निवृत्तिवेतन शाबूत राहते. राजीनामा व स्वेच्छानिवृत्ती व्यवहारात सारखीच वाटतात. कायद्याच्या दृष्टीने त्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. १९९० साली राजीनामा दिलेल्या, दिल्लीतील वीजसेवेच्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१९ मध्ये हेच सांगितले: राजीनाम्याला मागाहून स्वेच्छानिवृत्तीचे रूप देता येत नाही, मग सेवा वीस वर्षांची झालेली असो वा नसो. राजीनामा मागे घेण्याची तरतूद आहे, पण तिला ९० दिवसांची व इतर अटींची मर्यादा आहे. खाजगी व्यापारी कंपनीत जाण्यासाठी तो दिला असेल, तर ती सवलतही नाही.

१ जानेवारी २००४ पासून केंद्रीय सेवेत आलेल्यांना सामान्यतः राष्ट्रीय पेन्शन योजना लागू झाली. तिच्यात खाते व्यक्तीच्या नावावर, बारा आकडी कायम क्रमांकाचे असते. नोकरी बदलली तरी क्रमांक तोच राहतो व जमा रक्कम बुडत नाही. १ एप्रिल २०२५ पासून आलेल्या एकीकृत पेन्शन योजनेतील निश्चित निवृत्तिवेतनाची हमी मात्र राजीनामा देणाऱ्यास मिळत नाही. तरुण सहकाऱ्यांनी पर्याय निवडताना हे ध्यानात ठेवावे.

राज्यांचे नियम स्वतंत्र आहेत. ते आपापल्या कार्यालयात पाहून घ्यावेत. पत्र देण्यापूर्वी सेवापुस्तिका पडताळावी, अर्हताकारी सेवेचा हिशेब लेखी घ्यावा आणि पत्रातला ‘राजीनामा’ हा शब्द खरोखर हवा आहे का, हे जाणकाराला विचारावे.

माझा वर्गबंधू आजही दोन्ही वेळा दवाखान्यात बसतो. त्याला कामाची आवड आहे, असे लोक म्हणतात. ती आहेच, पण विश्रांती घ्यावी की नाही हे ठरविण्याची मुभा त्याला उरलेली नाही, हे मला ठाऊक आहे.