ऑडिओ अॅम्प्लिफायरची घरगुती जुळणी : सुट्या भागांच्या निवडीमागील हिशेब

इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांना प्रकल्प निवडावयास सांगितले की ऑडिओ पॉवर अॅम्प्लिफायर हे नाव हमखास पुढे येते. कारण उघड आहे. सर्किट आटोपशीर असते, भाग बाजारात मिळतात आणि यश कानाने ऐकता येते. परंतु तोंडी परीक्षेच्या दिवशी व्यवस्थित वाजलेला अॅम्प्लिफायर पुढील उन्हाळ्यात तासाभरात गप्प होतो, किंवा स्पीकर जाळून मोकळा होतो, हाही आपल्यापैकी अनेकांचा अनुभव आहे. अशा वेळी सर्किटच्या आकृतीला दोष दिला जातो. वास्तविक आकृती बहुधा बरोबरच असते. चूक होते ती खर्च व लक्ष कोणत्या भागांवर द्यायचे हे ठरवताना. विद्यार्थी आयात केलेल्या महागड्या कपॅसिटरसाठी पैसे साठवतो आणि ट्रान्सफॉर्मर व हीट सिंक मात्र दुकानात जे असेल ते उचलतो. हा क्रम उलटा हवा, एवढेच प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. ते एका ठरावीक उदाहरणावरून पाहू.

उदाहरण म्हणून एलएम३८८६ हा आयसी घेतला आहे. नॅशनल सेमीकंडक्टर कंपनीचा हा आयसी २०११ साली ती कंपनी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने विकत घेतल्यावर त्या कंपनीच्या नावाने ओळखला जाऊ लागला. सुटे ट्रान्झिस्टर वापरून केलेले सर्किट शिकवण्यास अधिक चांगले, हे मान्य. डग्लस सेल्फ यांचे १९९६ साली प्रथम प्रकाशित झालेले पॉवर अॅम्प्लिफायरवरील हँडबुक ग्रंथालयात असेल तर अध्यापकांनी ते अवश्य पाहावे. पण पहिल्या प्रकल्पात बायसचे समायोजन चुकले की आउटपुट ट्रान्झिस्टर क्षणात जातात, आणि विद्यार्थ्याच्या खिशाला ते परवडत नाही. या आयसीत शॉर्ट सर्किट व अतिउष्णता यांपासून संरक्षण आतच आहे आणि त्याची विकृती, डेटाशीटनुसार, ०.०३ टक्क्याच्या आसपास आहे. श्रोत्याच्या कानाला स्पीकरची स्वतःची विकृती त्याच्या अनेक पट असते.

किती वॉट?

हिशेब स्पीकरपासून सुरू करावा. घरगुती स्पीकरला १ वॉट दिल्यास १ मीटर अंतरावर साधारण ८७ ते ८८ डेसिबल पातळी मिळते. ४० वॉट म्हणजे त्याहून १६ डेसिबल अधिक, म्हणजे १०३-१०४ डेसिबल. दिवाणखान्याला किंवा वर्गाला हे पुरेसे नव्हे, जास्तच आहे. विद्यार्थी ८० वॉटांचा आग्रह धरतात तेव्हा त्यांना सांगावे की दुप्पट वॉट म्हणजे केवळ ३ डेसिबल. खर्च आणि उष्णता मात्र जवळजवळ दुप्पट होते.

८ ओहमच्या स्पीकरला ४० वॉट देण्यासाठी शिखर व्होल्टेज लागते ते २ गुणिले ४० गुणिले ८ याचे वर्गमूळ, म्हणजे २५.३ व्होल्ट. शिखर प्रवाह ३.१६ अँपिअर. हे दोन आकडे वहीत लिहून ठेवावेत. पुढची जवळजवळ सगळी निवड त्यांतून निघते.

ट्रान्सफॉर्मर

आयसीला आउटपुटच्या शिखरापेक्षा दोन-अडीच व्होल्ट अधिक लागतात आणि फिल्टरवरील रिपलसाठी आणखी एक-दोन व्होल्ट. म्हणजे पूर्ण भारावर दोन्ही बाजूंना सुमारे ३० व्होल्ट हवेत. २२-०-२२ व्होल्टच्या ट्रान्सफॉर्मरचे शिखर ३१.१ व्होल्ट; ब्रिजमधील एका डायोडचे सुमारे ०.८ व्होल्ट वजा केले की ३० उरतात. हिशेब जुळला.

येथेच दुकानदार म्हणतो, २५-०-२५ घ्या, तयार आहे, आवाजही जास्त येईल. त्याचे म्हणणे तपासून पाहू. छोट्या ट्रान्सफॉर्मरवर भार नसताना व्होल्टेज १० टक्क्यांपर्यंत चढलेले असते. शिवाय आपल्याकडे रात्री उशिरा २३० ऐवजी २५० व्होल्ट मिळणे नवलाचे नाही. २५ व्होल्टचे अशा वेळी जवळपास ३० होतात, त्यांचे शिखर ४२.३, डायोड वजा जाता ४१.५. दोन्ही बाजू मिळून ८३ व्होल्ट. सिग्नल चालू असताना या आयसीची कमाल मर्यादा ८४ व्होल्ट आहे. म्हणजे मध्यरात्री, कोणी गाणे हळू आवाजात लावलेले असताना, आयसी मर्यादेच्या काठावर उभा असतो. २२-०-२२ बाबत हाच हिशेब ७३ व्होल्टवर थांबतो. दिवसा लाइन २१० व्होल्टपर्यंत उतरली तर आवाजाची कमाल पातळी थोडी घटेल, पण ती घट एक डेसिबलच्या आसपासची असेल आणि ऐकणाऱ्याला कळणारही नाही. डेटाशीटमधील कमाल आकडा हे गाठावयाचे लक्ष्य नसते, ही गोष्ट पाठ्यपुस्तकांतून फारशी ठसवली जात नाही.

ट्रान्सफॉर्मरची क्षमता ठरवताना प्रत्येक बाजूचा सरासरी प्रवाह पाहावा. तो शिखर प्रवाहाला पायने भागून मिळतो, म्हणजे १ अँपिअर. दोन्ही रेल्सचे ६० व्होल्ट गुणिले १ अँपिअर म्हणजे एका चॅनेलला ६० वॉट. दोन चॅनेलना १२०. कपॅसिटर फिल्टरमुळे ट्रान्सफॉर्मरमधून प्रवाह टोकदार ठोक्यांच्या रूपात जातो, म्हणून दीडपट धरल्यास १८० व्हीए. परंतु हा हिशेब अखंड साइन वेव्हचा आहे. संगीताची सरासरी पातळी शिखराच्या खूप खाली असते, म्हणून घरासाठी १५० व्हीए चालतो. प्रयोगशाळेत तासन्‌तास चाचणी घ्यावयाची असेल तर २०० व्हीए घ्यावा. स्थानिक वाइंडिंगवाल्याकडून गुंडाळून घेताना प्रवाहाबरोबर व्हीएचा आकडाही लिहून द्यावा. नुसते ‘पाच अँपिअर’ म्हटले तर प्रत्येक जण आपापल्या सोयीने अर्थ लावतो.

फिल्टर कपॅसिटर

ब्रिज एकदिशकारकामुळे प्रत्येक बाजूचा कपॅसिटर सेकंदाला १०० वेळा भरला जातो. १ अँपिअर प्रवाहाला १०० व कपॅसिटन्स यांच्या गुणाकाराने भागले की रिपल मिळतो : १०,००० मायक्रोफॅरडला १ व्होल्ट, ४७०० ला २.१ व्होल्ट. आपल्या हिशेबात दोन व्होल्टपर्यंत जागा आहे, पण ४७०० ती सगळी खाऊन टाकतो. १०,००० योग्य. त्याच्या कितीतरी पट कपॅसिटन्स लावल्याने आवाज सुधारत नाही. चालू करतेवेळचा धक्का मात्र वाढतो आणि फ्यूज उडू लागतात. उलट टोकही लोकांनी गाठून पाहिले आहे. १९९९ मध्ये जपानच्या ४७ लॅबोरेटरीने याच कुळातील एलएम३८७५ वापरून गेनकार्ड नावाचा महागडा अॅम्प्लिफायर आणला. त्यात फिल्टर कपॅसिटर अवघे १००० मायक्रोफॅरडचे होते, आणि तरी तो हौशी लोकांनी डोक्यावर घेतला.

व्होल्टेज रेटिंगबाबत मात्र तडजोड नको. वर पाहिल्याप्रमाणे प्रत्येक बाजू भाराविना ३६ व्होल्टच्या पुढे जाऊ शकते. ३५ व्होल्टचा कपॅसिटर स्वस्त असला तरी येथे चालणार नाही. ५० व्होल्टचाच घ्यावा. तोही ८५ ऐवजी १०५ अंशांचा. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान १० अंशांनी उतरले की साधारण दुप्पट होते, असा ठोकताळा आहे. म्हणून १०५ अंशांचा कपॅसिटर त्याच उष्णतेत कितीतरी जास्त वर्षे टिकतो. त्याला हीट सिंकपासून दूर बसवणे हा तर फुकटचा उपाय.

हीट सिंक आणि आपला उन्हाळा

या भागाकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. बी वर्गाच्या आउटपुटमध्ये आयसी सर्वांत जास्त तापतो तो पूर्ण आवाजात नव्हे, तर कमाल शक्तीच्या सुमारे ४० टक्क्यांवर. विद्यार्थ्यांना हे खरे वाटत नाही. त्यांच्याकडून वक्र काढून घ्यावा. त्या वेळची उष्णता एकूण व्होल्टेजच्या वर्गाला २ गुणिले पायचा वर्ग गुणिले भाररोध याने भागून मिळते. ६० व्होल्ट व ८ ओहमसाठी ती २२.८ वॉट. सिग्नल नसतानाचा ५० मिलिअँपिअर प्रवाह आणखी ३ वॉट देतो. एका आयसीमागे २६ वॉट धरू.

आतील तापमान १२५ अंशांवर जाऊ द्यायचे नाही असे ठरवले आणि परदेशी लेखांत असते तसे खोलीचे तापमान २५ अंश धरले, तर एकूण उष्णतारोध प्रतिवॉट ३.८५ अंश चालतो. त्यातून आयसीच्या आवरणाचा १ व अभ्रकाच्या चकतीचा अर्धा अंश वजा केल्यास हीट सिंकला २.३५ उरतात. आता मे महिन्यातील ग्वाल्हेर, हैदराबाद किंवा नागपूर डोळ्यांपुढे आणून ४५ अंश धरा. एकूण ३.०८, आणि हीट सिंकला १.५८. दोन्ही चॅनेल एकाच हीट सिंकवर असतील तर त्याच्याही निम्मा, ०.८. म्हणजे परदेशी आकृतीतील हीट सिंकपेक्षा आपला ठळकपणे मोठा हवा, आणि तो कॅबिनेटच्या बाहेर, पंख उभे राहतील असा बसवायला हवा. गोव्यासारख्या ठिकाणी तापमान तितके चढत नाही, पण खाऱ्या दमट हवेत स्क्रू व जोड गंजतात हे ध्यानात ठेवावे. आतले संरक्षण आहे म्हणून आयसी जळणार नाही. तो मधूनच आवाज तोडत राहील. परीक्षेत वाजलेला अॅम्प्लिफायर उन्हाळ्यात गप्प होतो तो बहुधा यामुळेच.

४ ओहमचे स्पीकर असल्यास हाच उष्मांक दुप्पट, ४५ वॉटांच्या पुढे जातो. तेव्हा हीट सिंक वाढवण्यापेक्षा १८-०-१८ चा ट्रान्सफॉर्मर घेणे शहाणपणाचे. शक्ती साधारण तेवढीच मिळते आणि उष्णता ३० वॉटांच्या आसपास राहते.

आणखी एक धोका. एलएम३८८६टी या प्रकाराची धातूची पाठ ऋण पुरवठ्याला आतून जोडलेली असते. अभ्रक न घालता ती अर्थ केलेल्या कॅबिनेटवर आवळली तर पुरवठा सरळ शॉर्ट होतो. शेवटी टीएफ अक्षरे असलेल्या प्रकाराची पाठ प्लास्टिकने मढवलेली असते. कोणता आणला आहे ते स्क्रू आवळण्यापूर्वी पाहावे.

छोटे भाग

येथे थोडक्यात आटोपता येते. फीडबॅकचे रेझिस्टर २० किलोओहम व १ किलोओहम घेतले की विवर्धन २१ होते आणि ०.८५ व्होल्ट इनपुटला ४० वॉट मिळतात. हे दोन रेझिस्टर १ टक्क्याचे मेटल फिल्म असावेत. ५ टक्क्यांचे घेतल्यास दोन चॅनेलमध्ये वाईटात वाईट दीड डेसिबलपर्यंत फरक पडू शकतो, १ टक्क्याच्या जोडीत तो एक तृतीयांश डेसिबलवर येतो. १ किलोओहमच्या खाली २२ मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक घालावा. तो काढून टाकल्यास आवाज शुद्ध होतो असे काही हौशी मंडळी सांगतात. पण त्याच्यामुळे डीसीसाठी विवर्धन १ राहते. तो काढला की आउटपुटवरील डीसी अनेक पटींनी वाढते आणि ती थेट स्पीकरच्या कॉइलमधून जाते.

इनपुटला १ मायक्रोफॅरडचा साधा पॉलिएस्टर कपॅसिटर व २२ किलोओहम पुरे. सीमा ७ हर्ट्झवर येते. ‘ऑडिओ ग्रेड’ म्हणून अनेक पट किमतीला विकला जाणारा कपॅसिटर येथे मोजता येईल असा काहीही फरक करत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. सिरॅमिक मात्र सिग्नलच्या वाटेत टाळावा, कारण त्याच्या बऱ्याच प्रकारांत कपॅसिटन्स व्होल्टेजनुसार बदलतो. तोच ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक आयसीच्या पुरवठ्याच्या पायांशी अगदी चिकटून हवा, नाहीतर आयसी कानाला न ऐकू येणाऱ्या वारंवारतेवर कंपित होऊन विनाकारण तापतो.

नकली माल

मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची बुधवार पेठ, हैदराबादची कोठी किंवा बंगळूरचा एस. पी. रोड, कोठूनही आणा. नकली माल सगळीकडे पोहोचला आहे. २एन३०५५ सारख्या जुन्या ट्रान्झिस्टरपासून तोशिबाच्या २एससी५२०० व २एसए१९४३ या जोडीपर्यंत, ज्याला मागणी त्याची नक्कल. मोठ्या आवरणात लहानशी चिप बसवतात. ती मल्टीमीटरवर उत्तम ठरते आणि भार आला की फुटते. विभागासाठी दहा नग घेतले असतील तर एक कापून आतली चिप विद्यार्थ्यांना दाखवावी. एका नगाच्या किमतीत असा पाठ दुसरा नाही.

एलएम३८८६ साठी इतकी तोडफोड नको. दोन्ही पुरवठ्यांत १० ओहमचा रेझिस्टर मालिकेत घालून, इनपुट जमिनीला जोडून व स्पीकर न लावता त्यांवरील व्होल्टेज मोजावे. अर्ध्या व्होल्टच्या आसपास आल्यास ५० मिलिअँपिअर हा प्रवाह जुळतो. फार वेगळा आकडा आला तर तो आयसी बाजूला ठेवावा.

प्रथम वीज देताना तीन पिनांचा प्लग, कॅबिनेटला पक्के अर्थिंग, प्रायमरीत १ अँपिअरचा मंद फ्यूज आणि लाइनमध्ये १०० वॉटचा सिरीज लॅम्प ठेवावा. तो जुन्या तारेचाच बल्ब हवा. एलईडीचा उपयोग नाही. कपॅसिटर भरताना दिवा क्षणभर उजळून मंद झाला तर पुढे जावे, उजळलेलाच राहिला तर वीज काढून जोडणी तपासावी. त्यानंतर आउटपुटवरील डीसी मोजावी. ती ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर ८ ओहमचा, ५० वॉटचा वायरवाउंड रेझिस्टर स्पीकरच्या जागी लावून, सिरीज लॅम्प काढून तासभर चालवावे. स्पीकर त्यानंतर जोडावा.