आमच्या अंधाराचा हवाला

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने अणुऊर्जेचा नवा 'शांती' कायदा मंजूर केला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि अणुअपघाताच्या भरपाईचा २०१० चा कायदा, दोन्ही एका झटक्यात मोडीत निघाले. अणुवीज केंद्रं उभारायला आणि चालवायला खासगी कंपन्यांना दार उघडलं. २०४७ पर्यंत १,००,००० मेगावॅट अणुवीज, हे उद्दिष्ट त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतल्या अर्थसंकल्पाने जाहीर केलंच होतं.

आमच्या शिरूर-दौंडात या कायद्याची पारावरही चर्चा झाली नाही, आणि ते साहजिक होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूरच्या पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याने तीन बळी घेतले, त्यात दोन लेकरं होती. माणसं रात्री पाण्याची दारं धरायला जायला धजत नव्हती. मागणी एकच होती: मोटारीची लाईट दिवसा द्या. हातात कोयता नि बॅटरी घेऊन उसात शिरणाऱ्याला २०४७ चं काय सांगायचं?

पण मला राहवत नाही. कारण या मेगावॅटच्या गोष्टीत आम्ही शिरूर-दौंडवाले एकदा फुकट वापरले गेलो आहोत. २००५ नंतरचं ते दशक मी इथे राहून पाहिलं आहे.

त्याआधीचा इतिहास भराभर सांगतो. १९६९ मध्ये तारापूर सुरू झालं. त्याचं कौतुक शाळेच्या पुस्तकातून आमच्यापर्यंत पोचलं, वीज पोचली की नाही हे कोणी विचारलं नाही. १९८४ मध्ये ठरलं, की २००० सालापर्यंत १०,००० मेगावॅट अणुवीज होणार. २००० साल उजाडलं तेव्हा देशात ती तीन हजारांच्याही आत होती. मधल्या काळात दाभोळला एन्रॉन आलं. १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युतीने ते अरबी समुद्रात बुडवलं, १९९६ मध्ये पुन्हा वर काढलं, आणि २००१ मध्ये त्याच्या विजेचा दर न परवडून ते बंद पडलं. त्या प्रकरणावर इतकं लिहून झालंय की आणखी एक ओळ खर्च करण्याची माझी इच्छा नाही. त्यातून राज्याने एक धडा घ्यायला हवा होता: परदेशी कंपनीशी आधी करार आणि मग दराची चौकशी, हा क्रम उलटा आहे. तो धडा घेतला गेला नाही.

आता २००५. जूनमध्ये वीज मंडळाचे तुकडे झाले, महावितरण आलं आणि भारनियमनाने मुक्काम ठोकला. राज्यात चार-पाच हजार मेगावॅटची तूट. खेड्यात बारा-बारा तास लाईट नाही, आणि आली की थ्री फेज मध्यरात्री. गावोगाव मोटारींना 'ऑटो' बसवले गेले. लाईट आली की मोटार आपोआप सुरू, म्हणजे सगळ्या शिवारातल्या मोटारी एकाच क्षणी सुरू, आणि डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळालीच म्हणून समजा. मग वर्गणी काढायची, ट्रॅक्टरमध्ये डीपी घालून न्यायची, आणि तोवर डोळ्यांदेखत करपणारा ऊस बघायचा. घोड धरणात नि मुठा कालव्यात पाणी असताना पिकं जळाली, ही त्या वर्षांची खरी चीड होती. दुष्काळाला निदान आभाळाकडे बोट दाखवता येतं.

याच काळात, २००६ मध्ये, पुणे शहर भारनियमनमुक्त झालं. कारखान्यांनी आपले जनरेटर चालवायचे, वाचलेली वीज शहराने घ्यायची आणि त्यासाठी ग्राहकांनी थोडा जादा आकार भरायचा. 'पुणे मॉडेल' म्हणून त्याचं देशभर नाव झालं. योजना हुशारीची होती, हे मान्य. पण शिरूरहून संध्याकाळी पुण्याकडे निघालं की वाघोलीच्या पुढे उजेड आणि मागे अंधार, अशी रेघ जिल्ह्याच्या मधोमध ओढली गेली. शहरातल्या वर्तमानपत्रांत त्यानंतर भारनियमनाची बातमी आतल्या पानावर गेली. हा हिशेब मी अजून मिटवलेला नाही.

आणि याच अंधाराकडे बोट दाखवून जैतापूर आलं.

रत्नागिरी जिल्ह्यातला राजापूर तालुका. माडबन, करेल, निवेली, मिठगवाणे आणि वरीलवाडा या गावांची मिळून ९३८ हेक्टर जमीन. त्यावर फ्रान्सच्या 'अरेवा' कंपनीच्या १,६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॅट. जगातलं सर्वांत मोठं अणुवीज केंद्र होणार होतं. जागेला तत्त्वतः मंजुरी २००५ मध्येच मिळाली. २००८ मध्ये अमेरिकेशी अणुकरार झाला, अणुपुरवठादार देशांनी भारताला सूट दिली आणि सगळ्याला वेग आला. जानेवारी २०१० पर्यंत १८९४ च्या इंग्रजी कायद्याखाली जमीन संपादित झाली. बहुतेकांनी धनादेश घेतले नाहीत. पर्यावरण अहवालाच्या मराठी प्रती वेळेवर हातात पडल्या नाहीत, ही गावकऱ्यांची तक्रार मे महिन्यातल्या जनसुनावणीच्या वेळीच होती. २८ नोव्हेंबर २०१० रोजी तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी ३५ अटी घालून पर्यावरण मंजुरी दिली. त्यानंतर जेमतेम आठवडाभरात फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी दिल्लीत हजर. करारावर सह्या झाल्या. ती मंजुरी कुणाच्या सवडीने आली, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता.

त्या हिवाळ्यात आमच्याकडच्या सभांमधून एकच वाक्य फिरत होतं: तुमचं भारनियमन कोकणातल्या विरोधामुळे संपत नाही. साखर कारखान्यांच्या सर्वसाधारण सभांपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत मी ते ऐकलं. ऐकणाऱ्यांना ते पटायचंही. रात्री दोनला उसाला पाणी देणाऱ्याला माडबनच्या आंबा बागायतदाराचा राग यावा, अशी ती मांडणीच होती. प्रत्यक्षात जैतापूरची पहिली वीज कागदावरही २०१८ च्या आधी नव्हती. आठ वर्षांनी यायच्या विजेने आज रात्रीचं भारनियमन कसं संपणार होतं, हे विचारणारा विकासाचा शत्रू ठरायचा.

११ मार्च २०११ ला फुकुशिमा झालं. जर्मनीने आपले जुने संच थांबवले. इथे १८ एप्रिलला साखरी नाट्यात पोलिसांच्या गोळीने एक तरुण मच्छीमार मेला. एप्रिल २०२६ मध्ये त्याला १५ वर्षं होतात. नाट्याच्या मच्छीमारांचा आक्षेप साधा होता. केंद्र थंड ठेवायला समुद्राचं पाणी आत घेणार आणि गरम करून परत सोडणार. खाडीच्या तोंडाशी पाणी तापलं तर मासळी दूर जाणार. त्यांची जमीन जाणार नव्हती म्हणून भरपाईच्या यादीत त्यांना जागा नव्हती. ज्याचा सातबारा समुद्रावर आहे, त्याचं काय करायचं हे आपल्या महसूल खात्याला अजून सुचलेलं नाही. बागायतदारांसाठी मात्र २०१३ मध्ये दर हेक्टरी साडेबावीस लाखांवर नेला गेला. भाव वाढवला की आक्षेप संपतो, अशी मंत्रालयाची जुनी समजूत आहे.

पण त्या वर्षांत एक गोष्ट होती, ती आज दिसत नाही म्हणून हळहळ वाटते. लोक वाद घालत होते, आणि माहिती घेऊन घालत होते. पुण्यातली 'प्रयास' ही संस्था वीजदरांचे आकडे मराठीत फोडून सांगायची. भूकंपशास्त्रज्ञ विनोद गौर आणि रॉजर बिलहॅम यांनी जैतापूरच्या भूकंपशक्यतेवर 'करंट सायन्स'मध्ये निबंध लिहिला. न्यायमूर्ती पी. बी. सावंत, ॲडमिरल रामदास ही वय झालेली माणसं आंदोलनाच्या बाजूने उभी राहिली. दोघेही आता नाहीत. निवृत्त न्यायमूर्ती बी. जी. कोळसे-पाटलांना अटक झाली. समोरून अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकरही लेख लिहून बाजू मांडत होते. त्यांची बाजू मला पटली नाही, पण ते सही करून मैदानात उतरले होते. आज अणुऊर्जेवर बोलायला मराठीत दोन्हीकडून किती माणसं पुढे येतात?

राजकारण्यांबद्दल थोडक्यात. जैतापूरच्या विरोधात शिवसेनेने रान उठवलं. मग २०१४ मध्ये ती सत्तेत गेली, २०१९ मध्ये तिचा मुख्यमंत्री झाला. प्रकल्प रद्द झाल्याचा कागद निघाला नाही. नारायण राणे यांनी प्रकल्पाची पाठराखण काँग्रेसमध्ये असताना केली, आता ते भाजपमध्ये आहेत. राजापूर तालुक्याने मधल्या काळात नाणार आणि बारसूचे रिफायनरीचे वादही सोसले. तिथल्या माणसाने आता नकाशा बघितला तरी त्याच्या पोटात गोळा येत असेल.

आणि भारनियमन? ते संपलं, पण जैतापूरची एकही अणुभट्टी उभी न राहता. जयगडला कोळशाचे १,२०० मेगावॅट आले, तिरोड्याला २०१२ ते २०१४ दरम्यान ३,३०० मेगावॅट आले. गावठाणाचे आणि शेतीचे फीडर वेगळे झाले. काही वर्षांत अशी वेळ आली की राज्याच्या स्वतःच्या वीज केंद्रांतले संच मागणी नाही म्हणून बंद ठेवावे लागले. कोळशाच्या राखेचं दुःख विदर्भाला विचारा, मी त्याची भलामण करत नाही. एवढंच म्हणतो, की ज्या अंधाराचा हवाला देऊन माडबनची जमीन घेतली, तो दुसऱ्याच वाटेने गेला. जमीन मात्र कुंपणाच्या आत राहिली.

अरेवाचं पुढे काय झालं? ज्या जातीची भट्टी जैतापूरला यायची होती, तिचा पहिला नमुना फिनलंडमध्ये ओल्किलुओतोला होता. काम २००५ मध्ये सुरू, २००९ ला पूर्ण व्हायचं होतं, नियमित वीज २०२३ मध्ये आली. फ्रान्समध्ये फ्लामांविलची भट्टी २०१२ ची होती, ती डिसेंबर २०२४ मध्ये ग्रीडला जोडली गेली. खर्च सुमारे ३.३ अब्ज युरोंवरून १३ अब्जांच्या पलीकडे. अरेवा कर्जात बुडाली आणि तिचा भट्ट्यांचा धंदा ईडीएफ या फ्रेंच वीज कंपनीकडे गेला. ईडीएफने २०२१ मध्ये जैतापूरसाठी प्रस्ताव दिला, बोलणी अजून चालूच आहेत. त्याच काळात अबुधाबीने बराकाला कोरियाकडून चार भट्ट्या बांधून घेतल्या, चौथी २०२४ मध्ये सुरू झाली. त्याचे गोडवे आपल्याकडे गायले जातात. एकाच जातीच्या भट्ट्या ओळीने बांधल्या, हे त्यांचं शहाणपण घेण्यासारखं आहे. पण तिथे वाळवंट होतं, अमीर होता आणि जनसुनावणी नव्हती, हेही सांगावं.

म्हणून नव्या कायद्याचा बोचरा भाग माझ्या लेखी खासगी कंपन्या हा नाही. २०१० च्या कायद्यात कलम १७(ब) होतं. सदोष यंत्र पुरवलं आणि अपघात झाला, तर भरपाई देणाऱ्या चालकाला पुरवठादाराकडे वसुलीला जाता येत होतं. त्याच वर्षी जूनमध्ये भोपाळ वायुकांडाचा निकाल लागला होता, त्या संतापाची ती कमाई होती. आता ती वसुली करारात लिहिली असेल तर, किंवा कुणी मुद्दाम घातपात केला असेल तर. म्हणजे पुरवठादाराने सही केली नाही, की विषय संपला. कायदा असल्याने परदेशी कंपन्या येत नव्हत्या, असं सांगतात. ज्या कंपनीला स्वतःच्या यंत्राची हमी देववत नाही, ती न आलेलीच बरी, असं आमच्याकडे मोटार घेणारा शेतकरीही म्हणेल.

अणुवीज नकोच, असं मी म्हणत नाही. सूर्य मावळल्यावर ग्रीडला भरवशाची वीज लागते, आणि कायम कोळसाच जाळत बसता येणार नाही. पण या देशात अणुविजेची गरज नेहमी जुनी असते आणि तारीख नेहमी नवी. १९८४ ला २००० ची होती, २००८ च्या सुमाराला २०२० साठी २०,००० मेगावॅटची, आणि २०२० ला आपण ६,७८० वर होतो. आता २०४७. एप्रिल २०२५ मध्ये राज्याच्या महानिर्मिती कंपनीने रशियाच्या रोसाटमशी थोरियमवरच्या छोट्या अणुभट्टीसाठी सामंजस्य करारही केला आहे. ही भट्टी कुठे येणार, युनिट कितीला पडणार, अपघाताची भरपाई कोणाच्या खिशातून जाणार, हे कराराआधी मराठीत छापून गावात वाटायला काय हरकत आहे?

आणि पुन्हा शेतकऱ्याचं नाव घेऊन कुणी पुढे येणार असेल, तर त्याला शिरूर-दौंडकडून एक अट. शेतीच्या फीडरवर सौर वीज जोडून दिवसा पुरवठा करण्याची योजना राज्याने २०१७ मध्येच काढली, काही गावांत ती पोचली, बाकीच्यांत एक आठवडा दिवसा नि एक आठवडा रात्री ही पाळी अजून चालू आहे. त्यासाठी युरेनियम लागत नाही, परदेशी अध्यक्षाचा दौरा लागत नाही. २०४७ चं वेळापत्रक सांगायला येणाऱ्याने आधी आमच्या फीडरचं पुढच्या महिन्याचं वेळापत्रक हातात ठेवावं, आणि त्यात रात्रीचा रकाना नसावा.